पुरुषाच्या स्तनातील गाठ

स्त्रीच्या स्तनात एखादी लहानशी गाठ उत्पन्न झाली, तर ती मेदाच्या आणि ग्रंथींच्या थरांखाली पुष्कळ काळ दडून राहू शकते. पुरुषाची गोष्ट निराळी आहे. त्याच्या छातीची कातडी आणि तिच्याखालचा स्नायू यांच्यामध्ये इतकी थोडी जागा असते, की एक सेंटिमीटरची गाठही स्नान करताना, अंगाला तेल लावताना अथवा सदऱ्याच्या गुंड्या घालताना सहज हाताला लागावी. या हिशेबाने पाहता पुरुषाच्या स्तनकर्करोगाचे निदान स्त्रीच्या मानाने आधी व्हावयास हवे. प्रत्यक्षात ते उशिरा होते. स्तनाग्र आत ओढले गेले आहे, त्यातून रक्तमिश्रित स्राव येत आहे, किंवा काखेतही गाठी उमटल्या आहेत, अशा अवस्थेत पुष्कळ रुग्ण प्रथम रुग्णालयात रुजू होतात. ज्या जागी रोग लपू शकत नाही त्याच जागी तो सर्वांत अधिक दुर्लक्षित राहतो, आणि या विसंगतीचे कारण शरीरात सापडत नसून रुग्णाच्या व समाजाच्या समजुतींत सापडते.

हा अवयव आपला नव्हेच, अशी पुरुषाची समजूत असते. गाठ हाताला लागली तरी तो तिचा अर्थ लावतो तो असा : व्यायामात स्नायू आखडला असेल, मोटारसायकलवरून पडलो तेव्हाचा मार असेल, फार तर चरबीची गाठ असेल. आणि ज्याच्या मनात शंका आली असेल त्यालाही ती बोलून दाखवण्याची शरम वाटते. ज्या विभागात त्याला जावे लागते त्याच्या दारावरची पाटी, भिंतीवरची चित्रे, बाकांवर बसलेली मंडळी आणि भरून द्यावयाच्या कागदातील ऋतुप्राप्ती, बाळंतपणे व स्तनपान यांविषयीचे प्रश्न ही सगळी व्यवस्था स्त्रियांसाठी लावलेली असते, आणि तेथे आपले नाव पुकारले जाण्याची वाट पाहत बसणे हे पन्नाशी-साठी उलटलेल्या गृहस्थाला सोपे जात नाही. वैद्यही या दिरंगाईतून सर्वस्वी मुक्त नाहीत. सर्व स्तनकर्करोगांत पुरुषांचा वाटा शेकडा एकाहून कमी असल्यामुळे, सामान्य व्यवसाय करणाऱ्या वैद्याच्या उभ्या हयातीत असा रुग्ण एखादाच येतो किंवा येतही नाही. आणि जे क्वचित दिसते ते ओळखण्याची सवय डोळ्यांना व बोटांना जडत नाही.

वास्तविक या रोगाची ओळख फार जुनी असावी. एडविन स्मिथ या अमेरिकी गृहस्थाने 1862 मध्ये ईजिप्तमधील लक्सर येथे एक पपायरस विकत घेतला, आणि जेम्स हेन्री ब्रेस्टेड या विद्वानाने 1930 मध्ये त्याचे भाषांतर प्रसिद्ध केले. इसवी सनापूर्वी सुमारे 1600 च्या आसपास नकललेल्या आणि त्याहूनही प्राचीन आधारावर रचलेल्या या ग्रंथात जखमा व गाठी यांची 48 प्रकरणे दिली आहेत, आणि त्यांतील रुग्ण सामान्यतः पुरुष आहेत. त्यांपैकी 39 वे प्रकरण छातीवरच्या पू धरलेल्या गाठींचे असून त्यावर डागण्याचा उपचार सांगितला आहे. पुढे 45 व्या प्रकरणात मात्र स्तनात पसरलेल्या, हाताला थंड लागणाऱ्या, ज्यांत ताप नाही आणि पाणी नाही अशा फुगवट्यांचे वर्णन येते, आणि तेथे ग्रंथकर्ता यावर उपाय नाही असे स्वच्छ लिहून टाकतो. हे 45 वे प्रकरण कर्करोगाचेच होते असे साडेतीन हजार वर्षांनंतर छातीठोकपणे म्हणणे धाडसाचे ठरेल. पण केवळ हाताच्या स्पर्शाने उष्ण आणि थंड, द्रव आणि घन, साध्य आणि असाध्य यांची विभागणी करणारा तो अज्ञात वैद्य आजच्या तपासणीच्या पहिल्या पायरीवरच उभा होता, एवढे त्याचे श्रेय त्याला दिले पाहिजे.

आता शरीररचनेकडे वळू. गर्भावस्थेत मुलगा आणि मुलगी यांचे स्तन सारख्याच रीतीने घडतात. स्तनाग्राखाली थोड्या दुग्धनलिका दोघांनाही मिळतात. वयात येताना मुलीच्या शरीरात इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन यांच्या प्रभावाने या नलिका फाटे फोडीत जातात आणि त्यांच्या टोकांशी दूध तयार करणाऱ्या खंडिका निर्माण होतात. मुलात वृषणांतून स्रवणारे टेस्टोस्टेरॉन हा विकास थोपवून धरते, आणि त्याच्या छातीत स्तनाग्राच्या लगत नलिकांचा एक अविकसित अवशेष तेवढा राहतो. या एका वस्तुस्थितीतून निदानाची पुष्कळशी सूत्रे निघतात. पुरुषाच्या शरीरात खंडिका जवळजवळ नसल्यामुळे तेथे उगम पावणारा कर्करोग त्याला फार क्वचित होतो. त्याच्या दहांपैकी सुमारे नऊ कर्करोग नलिकांत जन्म घेतात. नलिका स्तनाग्राखाली असल्यामुळे गाठही बहुधा तेथेच किंवा त्याच्या अगदी शेजारी असते. आणि कातडी व स्नायू दोन्ही जवळ असल्यामुळे ती वाढू लागताच त्यांना चिकटण्यास वेळ लागत नाही. स्त्रीच्या स्तनात जी गाठ अजून स्वतःपुरती आहे असे म्हणता येईल, तेवढ्याच आकाराची गाठ पुरुषाच्या छातीत पुढच्या टप्प्यात गणली जाऊ शकते, ती यामुळे.

तथापि पुरुषाच्या स्तनात हाताला लागणारी बहुसंख्य वाढ कर्करोगाची नसते. ती असते त्या नलिकांच्या अवशेषाचीच वृद्धी, जिला वैद्यकात गायनेकोमास्टिया म्हणतात. आणि ती इतकी सर्वसामान्य आहे, की आयुष्याच्या तीन टप्प्यांवर तिला विकार म्हणावे की देहाचा रिवाज म्हणावे, असा प्रश्न पडावा. पहिला टप्पा जन्मानंतरचा. आईच्या संप्रेरकांचा अंश शरीरात राहिल्यामुळे अर्ध्याहून अधिक नवजात अर्भकांचे स्तन, मुलगा असो वा मुलगी, काही दिवस फुगलेले दिसतात आणि कधी त्यांतून दुधासारखा थेंबही येतो. आपल्याकडे बाळाला न्हाऊ घालणाऱ्या कित्येक बायका हे दूध पिळून काढणे आपले कर्तव्य समजतात. त्याची मुळीच गरज नसते. उलट त्या पिळण्याने कोवळ्या ऊतीला इजा होऊन गळू झाल्याची उदाहरणे बालरोगतज्ज्ञांना वारंवार पाहावी लागतात. दुसरा टप्पा पौगंडावस्थेचा. तेरा-चौदा वर्षांच्या सुमारे निम्म्या मुलांच्या एका किंवा दोन्ही स्तनाग्रांखाली दुखरी चकती उमटते, वर्षा-दोन वर्षांत बहुधा आपोआप विरून जाते, आणि तेवढ्या मुदतीत त्या मुलाला शाळेच्या खेळाच्या तासाला सदरा काढण्याची जी धास्ती वाटते तिची कल्पना घरातल्या वडीलधाऱ्यांना सहसा नसते. तिसरा टप्पा पन्नाशीनंतरचा, जेव्हा टेस्टोस्टेरॉन ओसरू लागते आणि वाढलेल्या मेदात त्याचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करणारे ॲरोमाटेज हे विकर अधिक काम करू लागते. दुर्दैवाने कर्करोगाचे वयही हेच. पुरुषांतील स्तनकर्करोग साधारणतः साठी ते सत्तरीच्या दरम्यान, म्हणजे स्त्रियांच्या मानाने काही वर्षे उशिरा आढळतो, आणि निरुपद्रवी वाढ व घातक गाठ या दोहोंची याच वयात गाठ पडते.

म्हणून रुग्णाची कैफियत नीट ऐकून घेणे ही पहिली आवश्यकता होय. गाठ केव्हापासून आहे, दुखते की नाही, एका बाजूस की दोन्ही, कपड्याला कधी डाग पडला काय, हे प्रश्न तर ओघानेच येतात. परंतु चतुर वैद्य त्यानंतर औषधांची यादी मागतो. रक्तदाब, हृदयरोग किंवा जलोदर यांसाठी दिले जाणारे स्पायरोनोलॅक्टोन, हृदयासाठीचे डिगॉक्सिन, आम्लपित्तावरचे जुने सिमेटिडीन, बुरशीवरचे किटोकोनॅझोल, प्रोस्टेटसाठी दिलेले फिनॅस्टराइड अथवा बायकॅल्युटामाइड, मनोविकारांवरील रिस्पेरिडोन, ही सगळी औषधे स्तनवृद्धीचे कारण होऊ शकतात, आणि पुष्कळदा नुसते औषध बदलल्याने प्रश्न मिटतो. व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुणाला मात्र आणखी एक प्रश्न एकांतात विचारावा लागतो, कारण शरीर लवकर कमवण्यासाठी घेतलेली इंजेक्शने तो आपण होऊन सांगत नाही. पुरुषत्व वाढवण्याच्या हौसेने बाहेरून घेतलेल्या संप्रेरकाचे शरीर इस्ट्रोजेन बनवते आणि त्याचा परिणाम नेमका छातीवर उमटतो. याहून क्रूर विनोद निसर्गाने क्वचितच केला असेल. मद्य आणि काविळीचा इतिहास विचारावा लागतो, कारण कठीण झालेले यकृत संप्रेरकांचा तोल सांभाळू शकत नाही. उपासमारीचाही येथे संबंध येतो. दुसऱ्या महायुद्धानंतर बंदिछावण्यांतून सुटलेल्या उपाशी सैनिकांना पुरेसे अन्न मिळू लागताच त्यांच्यापैकी अनेकांचे स्तन वाढल्याचे लष्करी डॉक्टरांनी नोंदवून ठेवले आहे. उपासमारीत मंदावलेली संप्रेरकव्यवस्था पुन्हा सुरू होताना पौगंडावस्थेचीच पुनरावृत्ती होते, असे त्याचे स्पष्टीकरण देण्यात आले.

छाती दाखवायला आलेल्या तरुणाच्या वृषणांची तपासणी करण्याचे कारण काय, असा संकोचयुक्त प्रश्न रुग्णाच्या चेहऱ्यावर दिसतो. कारण असे, की वृषणांतील काही अर्बुदे इस्ट्रोजेन किंवा गरोदरपणात आढळणारे एचसीजी हे संप्रेरक स्रवतात, आणि त्यांचे पहिले बाह्य चिन्ह कधी कधी स्तनवृद्धी हेच असते. त्याच तपासणीत वृषणे अतिशय लहान आढळली, तर क्लाइनफेल्टर विकाराचा संशय घ्यावा लागतो. हॅरी क्लाइनफेल्टर याने बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात फुलर ऑलब्राइट यांच्या हाताखाली काम करताना 1942 मध्ये 9 पुरुषांतील लक्षणांच्या आधारे या विकाराचे वर्णन केले. पुढे असे सिद्ध झाले, की या पुरुषांच्या पेशींत एक अधिक एक्स गुणसूत्र असते. स्तनकर्करोगाचा धोका त्यांना इतर पुरुषांपेक्षा कितीतरी पटींनी अधिक असल्यामुळे हा संशय केवळ विद्वत्तेचा भाग राहत नाही.

यानंतर बोटांचे काम. रुग्णाला उताणे निजवून हात डोक्याखाली घ्यावयास सांगतात, आणि अंगठा व तर्जनी स्तनाच्या दोन बाजूंना ठेवून ती हळूहळू स्तनाग्राकडे आणतात. बोटे जर कोणत्याही अडथळ्याशिवाय स्तनाग्रापर्यंत येऊन भिडली, तर तेथे चरबी आहे, ग्रंथी नाही. स्थूल माणसाची छाती अशीच असते. वाटेत एखादी चकती लागली, जी स्तनाग्राभोवती सर्व बाजूंनी सारखी पसरलेली, खोडरबराइतकी चिवट, हलवल्यास हलणारी आणि थोडी दुखणारी आहे, तर ती गायनेकोमास्टियाची. पण गाठ स्तनाग्राच्या एका बाजूला सरकलेली, कठीण, वेदनारहित, कडा अस्पष्ट असलेली आणि कातडीला वा खालच्या स्नायूला बांधली गेलेली असेल, तर बोटांनी धोक्याची सूचना दिली असे समजावे. मध्यावर की मध्यापासून दूर, हा भेद दिसायला क्षुल्लक आहे, तरी सबंध परीक्षेत त्याच्याइतके मोलाचे लक्षण दुसरे नाही, असे माझे मत आहे. वेदनेचा पुरावा मात्र लोक उलटा लावतात. दुखते म्हणून घाबरून धावत येणारा बहुधा निर्धोक असतो, आणि दुखत नाही म्हणून वर्षभर स्वस्थ बसलेल्याचीच काळजी अधिक करावी लागते. दोन्ही काखा आणि गळ्याची खालची बाजू चाचपल्याविना ही तपासणी पुरी होत नाही.

बोटांचा निर्णय संशयास्पद असो वा अनिश्चित, पुढची पायरी प्रतिमांची. बर्लिनचे शल्यविशारद आल्बर्ट सालोमोन यांनी 1913 मध्ये शस्त्रक्रियेने काढलेल्या सुमारे 3000 स्तनांची क्ष-किरणांनी पाहणी करून जिचा पाया घातला, ती मॅमोग्राफी पुरुषांच्या बाबतीतही चांगली उपयोगी पडते. यंत्र तेच असते, फक्त थोडी ऊती दोन पट्ट्यांमध्ये धरण्यासाठी तंत्रज्ञाला अधिक कौशल्य आणि रुग्णाला थोडी अधिक सोशिकता लागते. गायनेकोमास्टियाची छाया स्तनाग्रापासून मागे पसरत गेलेल्या ज्योतीसारखी किंवा गोलसर दिसते. कर्करोगाची छाया दाट असते, मध्यापासून ढळलेली असते आणि तिच्या कडांना काटे फुटल्यासारखे दिसतात; स्त्रियांच्या चित्रांत शोधले जाणारे कॅल्शियमचे सूक्ष्म कण पुरुषांत कमी आढळतात, म्हणून ते नाहीत एवढ्यावरून निश्चिंत होता येत नाही. पंचविशीच्या आतल्या तरुणाला, ज्याच्या बाबतीत कर्करोगाची शक्यता नगण्य असते, प्रथम सोनोग्राफी करणे पुरेसे मानतात. त्यापुढील वयात मॅमोग्राफीने आरंभ करून सोनोग्राफीची जोड देतात. सोनोग्राफीत पाण्याने भरलेली पोकळी व तिच्या आत घन भाग असे मिश्र रूप दिसले, तर स्त्रीच्या बाबतीत ते पुष्कळदा निरुपद्रवी ठरते. पुरुषाच्या बाबतीत त्यावर विश्वास टाकू नये, कारण पोकळीच्या आत वाढणारा पॅपिलरी कर्करोग पुरुषांत तुलनेने अधिक सापडतो. चरबीची गाठ, कातडीखालचे मेदाचे कोष, मार लागून गोठलेले रक्त, गळू आणि आपल्या देशात कधी कधी क्षयाची गाठ, या इतर मंडळींची शहानिशाही याच पायरीवर होते.

अखेरचा फैसला सुईचा. न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयातील हेस मार्टिन आणि एडवर्ड एलिस यांनी 1930 मध्ये जाड सुईने गाठीतील पेशी ओढून घेऊन निदान करण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि आज आपल्या तालुक्याच्या गावीही पेशींची ही तपासणी होऊ शकते. ती स्वस्त आहे व क्षणात होते. तिची मर्यादा अशी, की ओढलेल्या सुट्या पेशी घातक आहेत असे सांगता आले, तरी त्यांनी आजूबाजूच्या ऊतीत शिरकाव केला आहे किंवा नाही, हे त्यांवरून कळत नाही. आणि पुरुषांच्या गाठींत पुरेशा पेशी हाती न लागण्याचेही प्रसंग येतात. म्हणून जेथे संशय आहे तेथे जागा बधिर करून, पोकळ सुईने ऊतीचे बारीक सलग तुकडे काढणारी कोअर बायॉप्सी करणे हेच श्रेयस्कर होय. सुई लावल्याने रोग अंगभर पसरतो ही भीती महाराष्ट्रात खेड्यापाड्यांपासून शहरांपर्यंत फार खोलवर रुजली आहे, आणि तिच्यापायी जितका काळ वाया गेला असेल तितका दुसऱ्या कोणत्याही गैरसमजापायी क्वचितच गेला असेल. या सुईमुळे स्तनाचा रोग पसरत नाही. तो पसरतो वेळ दवडल्यामुळे.

बोटे, प्रतिमा आणि सुई या तिघांची साक्ष जुळली, म्हणजे निदान पक्के. तिघेही निरुपद्रवी म्हणत असतील तर रुग्णाला निर्धास्तपणे घरी पाठवता येते. मात्र दोघांनी निर्दोष ठरवले आणि तिसऱ्याने शंका काढली, तर बहुमताने निकाल लावण्याची पद्धत येथे चालत नाही. एकाची शंका ही फेरतपासणीस पुरेशी असते, आणि प्रसंगी गाठ संपूर्ण काढून तिचे परीक्षण करावे लागते.

तुकडा विकृतिशास्त्रज्ञाच्या मेजावर गेला, की कर्करोग आहे की नाही एवढाच प्रश्न राहत नाही. पुरुषांच्या दहांपैकी सुमारे नऊ स्तनकर्करोगांच्या पेशींत इस्ट्रोजेन ग्रहण करणारी स्थाने आढळतात. हे प्रमाण स्त्रियांहून अधिक आहे, आणि ते रुग्णाच्या पथ्यावर पडते, कारण अशा गाठींवर टॅमॉक्सिफेन हे औषध लागू पडते. संप्रेरकांचा हा संबंध प्रयोगशाळेत दाखवता येण्यापूर्वीच न्यूयॉर्कच्या फॅरो आणि अडेअर या वैद्यांनी 1942 मध्ये असे निदर्शनास आणले होते, की पुरुषाचे वृषण काढल्यावर त्याच्या हाडांत पसरलेला स्तनकर्करोग ओसरू शकतो. तथापि रोग विरळ असल्याने औषधांच्या चाचण्या स्त्रियांवर होत गेल्या आणि पुरुषांना त्यांचे निष्कर्ष उसने घ्यावे लागले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2019 मध्ये पाल्बोसिक्लिब या औषधाची मंजुरी पुरुषांपर्यंत वाढवली, ती स्वतंत्र चाचणीवर विसंबून नव्हे. प्रत्यक्ष उपचार घेतलेल्या पुरुषांच्या दप्तरी नोंदी पाहून ती दिली गेली.

वेळीच ओळखलेला रोग किती मुदत देतो याचा एक सार्वजनिक दाखला एडवर्ड ब्रुक यांचा आहे. मॅसॅच्युसेट्समधून 1966 मध्ये लोकमताने अमेरिकी सिनेटवर निवडून गेलेले ते पहिले कृष्णवर्णीय सदस्य. ऐंशी वर्षे उलटल्यावर, 2002 मध्ये त्यांना स्तनकर्करोग असल्याचे आढळले. शस्त्रक्रिया झाली, आणि त्यांनी ही हकीकत पुढच्याच वर्षी जाहीर केली, हेतू असा की इतर पुरुषांनी आपली छाती तपासून घ्यावी. ते 2015 मध्ये, वयाच्या 95 व्या वर्षी वारले.

निदान झाल्यावर एक तपासणी उरते, जी रुग्णाच्या गाठीची नसून त्याच्या कुळाची असते. बीआरसीए 2 हे जनुक सदोष असलेल्या पुरुषाला सत्तरीपर्यंत स्तनकर्करोग होण्याची शक्यता शेकडा सुमारे 6 ते 8 इतकी असते. सामान्य पुरुषात ती हजारी एकाच्या आसपास भरते. म्हणून स्तनकर्करोग झालेल्या प्रत्येक पुरुषाला, घराण्यात कोणास हा रोग नसला तरी, जनुकीय चाचणीचा सल्ला देण्याचा प्रघात आता पडला आहे, आणि मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रात अशा समुपदेशनाची सोय आहे. आपल्याकडे घराण्याचा इतिहास विचारला की लोक आईकडचा सांगतात. मावशीला झाला होता, आजीला झाला होता. बापाकडून असा वारसा येतो हे कोणाच्या ध्यानातही नसते. वस्तुतः सदोष जनुक प्रत्येक अपत्याकडे जाण्याचा संभव निम्मा असतो, मग ते अपत्य मुलगा असो वा मुलगी. आणि मुलीच्या वाट्यास ते आले, तर तिचा धोका पित्याच्या धोक्यापेक्षा अनेक पटींनी मोठा असतो. छातीतील गाठ दाखवायला संकोचणारा साठीचा गृहस्थ बायॉप्सीचा कागद घेऊन दुसऱ्यांदा येतो, तेव्हा समुपदेशक त्याला विचारतो, की मुली किती, त्यांची वये काय आणि त्या राहतात कोठे.